परवा म्हणजे कधी

मागच्या आठवड्यात आमच्या सेंटरमधली नवी सिस्टर जेवणाच्या सुट्टीत माझ्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, मला बी कोडिंग शिकायचंय. जमंल का?"

हा प्रश्न मला आता बरेच जण विचारतात. उचगावात आमच्या गल्लीत तर मी 'कम्प्युटरवाल्या वहिनी' झाले आहे. कुणाच्या मुलीचं लग्न लांबलेलं असतं, कुणाची नोकरी सुटलेली असते, कुणाला नुसतंच घरात बसून कंटाळा आलेला असतो. शिकवणाऱ्या व्हिडिओंतली माणसं त्यांना सांगतात, अजिबात घाबरू नका, बिनधास्त चुका करा, चुकांतूनच शिकाल. हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मी सिस्टरला म्हटलं, "जमेल. मला जमलं म्हणजे तुला नक्की जमेल. पण घाबरत जा."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. ती हसली. मग मी तिला स्टूल ओढून बसायला लावलं आणि मागच्या पावसाळ्यातला एक शुक्रवार सांगितला. तो इथे लिहून ठेवते.

मी शाहूपुरीतल्या एका खासगी डायलिसिस सेंटरमध्ये रिसेप्शनला आहे. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्यात, त्यांनी आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा इथं यायचं आणि चार तास मशीनला जोडून घ्यायचं. मशीन त्यांचं रक्त साफ करतं, अंगात साठलेलं पाणी काढतं. एक खेप चुकली तर पाय सुजतात. दोन चुकल्या तर पाणी छातीपर्यंत येतं आणि माणसाला धाप लागते. कुणी कधी यायचं हे कळवणं माझं काम. वरवर पाहता टेलिफोनचं काम, पण त्यावर माणसं जगतात.

आणि कोल्हापूरच्या माणसाला फोनवर नुसतं 'उद्या या' म्हणून भागत नाही. त्याला भांडायचं असतं. "उद्या कसं यायचं? म्हशीला इंजेक्शन द्यायला डॉक्टर येणार हाय." "सकाळचं न्हाई जमत, दुपारचं द्या की." "तुमीच ठरिवता व्हय सगळं?" दिवसाला तीस-चाळीस फोन करून संध्याकाळी माझा घसा बसायचा. घरी गेल्यावर सासूबाई विचारायच्या, "कुणाशी भांडून आलीस?" मी म्हणायचे, "सगळ्यांशी."

म्हणून मनात आलं, हे निरोप कम्प्युटरनंच पाठवले तर?

एक्केचाळिसाव्या वर्षी शिकायला बसले. शिक्षण बी.कॉम., इंग्रजी कामापुरतं. पायथन शिकते म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, "सापाचं नाव हाय न्हवं त्या भाषेचं? चावलं म्हंजे कळंल." हे फौंड्रीत सुपरवायझर आहेत, त्यांना लोखंड सोडून बाकी सगळं पोरखेळ वाटतं. मी म्हटलं, "अजगर चावत नाही, गिळतो." बोलायला बोलून गेले, पण ते खरं निघालं. पहिले तीन महिने मी त्याच्या पोटातच होते.

सकाळची पाळी मशीनला लागली की दोन तास मला थोडी सवड असायची. सेंटरच्या मागच्या खोलीत, सलाईनच्या खोक्यांवर जुना लॅपटॉप ठेवून मी बसायचे. व्हिडिओ हळू करून ऐकायचे, वहीत उतरवायचे, मग टाइप करायचे. चालायचं नाही. एकदा अख्खा आठवडा एका ओळीपायी गेला. मी ती ओळ फोनमध्ये लिहून ठेवली होती आणि तिथून चिकटवत होते. फोनमधली अवतरणचिन्हं वाकडी असतात, कम्प्युटरला सरळ लागतात. एवढंच. एवढ्यासाठी मी त्या खोक्यांवर बसून दोनदा रडले. आपल्याला अक्कल नाही, या वयात हे नसते उद्योग कशाला, असं सगळं मनात येऊन गेलं.

सिस्टरला मी हेही सांगितलं, की रडू येईल, पण उतारे चिकटवू नकोस, हातानं टाइप कर. आणि लाल अक्षरांना भिऊ नकोस. चूक झाली की पडद्यावर लाल अक्षरांचा ढीग पडतो. मला ते शिव्या दिल्यासारखं वाटायचं, मी ते न वाचताच पुसून टाकायचे. खरं तर त्यात सगळ्यात खाली चूक काय झाली ते लिहिलेलं असतं आणि त्याच्या जरा वर ओळीचा नंबर असतो. ते वाचायला मला दीड महिना लागला. वाचायला लागल्यावर मात्र भराभर पुढे गेले. लाल आलं की दुरुस्त करायचं, लाल गेलं की खूश व्हायचं. हळूहळू मला असं वाटायला लागलं, की लाल दिसत नाही म्हणजे सगळं बरोबर आहे. माझी गोची इथंच झाली.

माझा प्रोग्रॅम साधा होता. पेशंटचं नाव लिहायचं, पुढे दिवस लिहायचा. दिवस तारखेनं नाही, शब्दानं. कारण आमचे टेक्निशियन आतून ओरडतात तेच शब्दानं, "मॅडम, तीन नंबरच्या मावशींना उद्या घ्या!" मी 'उद्या' लिहिलं की प्रोग्रॅम आजच्या वारात एक मिळवणार आणि पेशंटला निरोप जाणार, "तुमचा नंबर गुरुवारी सकाळी सात वाजता." तारीख मी मुद्दाम घातली नव्हती. म्हाताऱ्या माणसांना तारखेपेक्षा वार कळतो असं माझं मत. यासाठी मी एक यादी केली होती, डावीकडे शब्द, उजवीकडे आकडा. आज म्हणजे शून्य, उद्या म्हणजे एक, परवा म्हणजे दोन.

दोन महिने तो बिनचूक चालला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. माझा घसा बरा झाला. टेक्निशियन मला 'इंजिनियर मॅडम' म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग मला सुधारणा सुचली. कुणाचं डायलिसिस मागे कधी झालं हेही असंच शब्दात लिहिता यावं. त्याच यादीत खाली मी आणखी दोन ओळी घातल्या. काल म्हणजे उणे एक. परवा म्हणजे उणे दोन. 'काल' घालून पाहिलं, बरोबर आलं. 'उद्या' घालून पाहिलं, बरोबर आलं. 'परवा' पाहिलं नाही, कारण तो तर दोन महिने चालतच होता. लाल अक्षर एक नाही. मी चहा प्यायला गेले.

त्या आठवड्यात बुधवारी सकाळीच आमचा पाणी शुद्ध करायचा प्लान्ट बंद पडला. डायलिसिसला शुद्ध पाणी भरपूर लागतं, त्याच्याशिवाय एकही मशीन चालत नाही. मेकॅनिक म्हणाला, गुरुवारी दुपारपर्यंत होईल. पळापळ झाली. ज्यांची तब्येत नाजूक होती त्यांना दुसऱ्या सेंटरमध्ये पाठवलं, बाकीच्यांना गुरुवारी संध्याकाळी घेतलं. राहिले एकच, गगनबावड्याचे आजोबा.

हे आजोबा पूर्वी गावात ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. त्यांचे दिवस बुधवार आणि शनिवार. बायकोला घेऊन एसटीनं यायचे. मशीनवर पडल्या पडल्या म्हणायचे, "जनमभर गावाला पानी सोडलं, आता मला डॉक्टर दिवसाला लिटरभर सोडतोय." डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजूनच प्यावं लागतं. माझ्याशी फोनवर सगळ्यात जास्त भांडायचे ते हेच. गुरुवारी संध्याकाळी बोलावलं तर परत जायला गाडी नाही, म्हणून टेक्निशियन म्हणाले, "आजोबा लांबचं हाईत, त्यास्नी परवा सकाळी घेऊ." चांगुलपणानंच म्हणाले. मी चांगुलपणानंच लिहिलं, परवा. ते घरून निघायच्या आत निरोप गेला.

शुक्रवारी सकाळी दहाला त्यांची खाट रिकामी होती. मी म्हटलं, घाटमाथ्यावर पाऊस आहे, गाडीला उशीर झाला असेल. अकरा वाजले. टेक्निशियन बाहेर आले.

"मॅडम, आजोबांना मेसेज केलता का?"

"कम्प्युटरनं केलाय."

"बघा की जरा."

पाठवलेल्या निरोपांची यादी उघडली. तिथं लिहिलं होतं, "तुमचा नंबर सोमवारी सकाळी दहा वाजता."

सोमवार. मी दोनदा वाचलं. बुधवारी लिहिलेला परवा म्हणजे शुक्रवार. सोमवार कुठून आला? मग मनातल्या मनात बोटं मोजली. बुधवारातून दोन वजा केले तर सोमवार. प्रोग्रॅमनं गेलेला परवा धरला होता, आणि आजोबांनी वाचला येणारा सोमवार. त्यांचं मागचं डायलिसिस गेल्या शनिवारी झालेलं. शुक्रवार म्हणजे आधीच सहा दिवस झाले होते. सोमवारपर्यंत नऊ होणार होते. इतके दिवस ते तग धरतील की नाही, हे मला विचारायला कुणाकडे जायची गरज नव्हती.

त्यांचा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्यांच्या फाइलवर दुसरा एक नंबर होता, गावातल्या चहाच्या हॉटेलवाल्याचा. तो उचलला गेला.

"कोन पावणं?"

मी सेंटरचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं.

"आवाज येत न्हाई वो! पाऊस लई हाय! पानी सोडायचं त्ये आजोबा व्हय? काय झालं?"

"त्यांना आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला पाठवा! आत्ता!"

"आत्ता गाडी न्हाई, पावणं."

"मग जीप बघा! काहीही बघा! त्यांच्या घरी जाऊन बघा ते कसे आहेत!" मी एवढ्यानं ओरडले, की बाकड्यावर बसलेले लोक उठून उभे राहिले.

"बघतो," म्हणाला आणि फोन तुटला.

त्यानंतरची पंचवीस मिनिटं मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. प्रोग्रॅम उघडला होता एवढं आठवतं. वरपासून खालपर्यंत वाचला. हिशेब बरोबर होता, वार बरोबर होते. मग यादीवर नजर गेली. वर परवा म्हणजे दोन. खाली परवा म्हणजे उणे दोन. एकच शब्द दोनदा. कम्प्युटर अशा वेळी तक्रार करत नाही, भांडत नाही, आधीचं पुसतो आणि नंतरचं धरतो, निमूटपणे. जगातल्या दुसऱ्या कुणी ही चूक केली असती की नाही कोण जाणे. इंग्रजीत गेलेल्या आणि येणाऱ्या दिवसाला वेगवेगळं म्हणतात. आपला परवा मागेही असतो आणि पुढेही. मी जन्मभर हा शब्द बोलत आले, आणि तो दोन तोंडांचा आहे हे मला त्या काउंटरवर कळलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

फोन वाजला. हॉटेलवाला होता, आवाज धापा टाकत. "गेलतो मी. दम लागलाय त्यास्नी, बोलाय येत न्हाई. माझ्या मेव्हन्याच्या जीपमध्ये घातलंय. मावशी बी हाईत संगं. निघाली जीप."

गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीजवळ पावसात रस्त्यावर पाणी येतं आणि वाहतूक बंद होते. त्या दिवशी पाणी आलं होतं की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं. पावणेदोन तास मी दारात उभी होते. प्रत्येक जीपला पुढे जात होते. टेक्निशियननं मशीन तयार ठेवलं होतं, डॉक्टर आले होते. डॉक्टरांनी विचारलं, असं कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत टेक्निशियन म्हणाले, "नेटवर्कचा घोळ झाला, सर. घाटाकडं मेसेज उलटंसुलटं जात्यात." डॉक्टर आत गेले. टेक्निशियन माझ्याकडे पाहून नुसती मान हलवून गेले. मी ते तसंच राहू दिलं.

आजोबांना उतरवलं तेव्हा त्यांचे ओठ निळसर झाले होते. छातीतून पाण्याचा आवाज येत होता, तो मला दारात ऐकू आला. त्यांना स्ट्रेचरवर आडवं करता येईना, बसवूनच नेलं. ऑक्सिजन, सुया, मशीन. काचेचं दार बंद झालं. बाहेर मी आणि त्यांची बायको. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं आणि हातात प्लास्टिकची पिशवी होती, दर वेळी आणतात ती, टॉवेल आणि तांब्या असलेली.

दीड तासानं टेक्निशियन बाहेर आले. "बोलाय लागलेत. पानी मागत्यात," म्हणाले आणि हसले. धोका टळला होता. आता गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. नेटवर्कचं सांगून झालं होतं, डॉक्टरांचा विश्वास बसला होता, सोमवारपासून सगळं पूर्ववत. मी उठून काउंटरकडे निघाले.

"बाई," आजोबांची बायको म्हणाली.

मी थांबले.

"मीच थांबिवलं वो त्यास्नी." ती माझ्याकडे पाहत नव्हती, काचेकडे पाहत होती. "काल दम लागाय लागल्यावर पिशवी घिऊन उठलं हुतं. म्हनलं, सोमवार लई लांब हाय, एवढ्या लांबचा नंबर देनार न्हाईत, जाऊन इचारतो. मी म्हटलं, बाईनं फोन केला असता तर तुमी भांडला असता, पर आता कम्प्युटरनं लिवलंय. कम्प्युटर चुकतोय व्हय? बसा गप. मीच बसिवलं. मेलं असतं तर माझ्या हातानं मेलं असतं."

मी परत येऊन तिच्याशेजारी बसले. नेटवर्क हा शब्द जिभेवर आला होता. तो सांगितला असता तर तिचंही समाधान झालं असतं, कदाचित. पण मला तिच्या हातातली ती पिशवी दिसत होती, काल उचललेली आणि पुन्हा खाली ठेवलेली.

"मावशी, तो मेसेज मी लिहिलाय."

"कम्प्युटरनं न्हवं?"

"कम्प्युटरला मीच शिकवलंय, काय लिहायचं ते. मी परवा म्हटलं, त्यानं गेलेला परवा धरला. मी त्याला नीट सांगितलं नव्हतं. चूक माझी."

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिचा आवाज चढला, सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल एवढा. "आनि त्यानं इचारायचं न्हाई? आमच्यात बारकं प्वार बी इचारतंय, गेल्याला परवा का येनारा? येवढं इचारायला काय हुतंय त्याला? तुमी शिकिवता न्हवं? मग पयलं इचारायला शिकवा की!"

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आज माझ्या प्रोग्रॅममध्ये परवा लिहिलं की तो थांबतो आणि तिच्याच शब्दांत विचारतो, गेलेला का येणारा? उत्तर दिल्याशिवाय निरोप जात नाही, आणि निरोपात आता तारीखही असते. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनाही मी खरं ते सांगितलं. ते बोलायचं ते बोलले.

पण त्या वेळी बाकड्यावर ती ओरडून दमली. पदरानं तोंड पुसलं. पिशवी मांडीवर घट्ट धरली. मग अगदी हळू, मला ऐकायला वाकावं लागलं इतक्या हळू, तिनं विचारलं, "म्हंजे माझ्यामुळं न्हाई झालं?"

"नाही, मावशी. माझ्यामुळं झालं."

तेव्हा कुठे ती रडायला लागली.